थांबलेल्या रक्ताचा भरवसा नाही

मी इंटरव्हेन्शनल रेडिऑलॉजिस्ट आहे. मुंबईतल्या एका कॅन्सर रुग्णालयात काम करते. पडद्यावरच्या चित्रावर नजर ठेवून सुईच्या वाटेने शरीरात शिरायचं आणि नळी घालायची, गाठीचा तुकडा काढायचा किंवा वाहती धमनी बंद करायची, असं आमचं काम. आमच्याकडे रुग्ण बहुतेक वेळा झाकलेल्या चादरीखालचा एक हातभर भाग म्हणून भेटतो. मे महिन्यातल्या एका मंगळवारची ही नोंद.

सकाळी ७.३०

प्रोसिजर रूमबाहेरच्या फळ्यावर सिस्टरने यादी लिहून ठेवली आहे. दोन कीमो पोर्ट, पित्ताशयाच्या कॅन्सरमुळे कावीळ झालेल्या एका गृहस्थांची पित्तनळी मोकळी करणं, एका बाईंच्या दोन्ही मूत्रपिंडांत नळ्या, एक लिव्हर बायोप्सी. मी आधी रक्ताचे रिपोर्ट चाळते. प्लेटलेट्स, रक्त गोठण्याचा वेळ, मूत्रपिंडाचं काम सांगणारं क्रिएटिनिन. पित्तनळीवाल्यांचं रक्त गोठायला वेळ लागतोय, म्हणून त्यांना प्लाझ्मा देऊन दुपारी घ्यायचं ठरतं. वॉर्डबॉय मामा स्ट्रेचर आणायला जातात.

८.१५

ट्यूमर बोर्ड. सर्जन, मेडिकल ऑन्कॉलॉजिस्ट, रेडिएशनवाले, पॅथॉलॉजिस्ट आणि आम्ही एका खोलीत बसतो आणि अवघड केसेस पडद्यावर मांडतो.

आजचा पहिला रुग्ण विशीतला आहे. वृषणाचा कॅन्सर पोटामागच्या गाठींत पसरला होता. सिस्प्लॅटिनवर आधारित कीमोथेरपीने बराचसा विरघळला, पण महाधमनीला चिकटून एक गोळा उरला आहे. तो काढावा लागेल. सर्जन मला विचारतात, "मध्ये चरबीची रेघ दिसतेय का?"

प्रश्न महत्त्वाचा आहे. ड्युओडिनम, म्हणजे लहान आतड्याचा पहिला भाग, पोटाच्या मागच्या भिंतीला जखडलेला असतो. त्याचा तिसरा तुकडा महाधमनीच्या अगदी समोरून आडवा जातो. एरवी दोघांमध्ये थोडी चरबी असते. गाठी काढताना सर्जनला आतडं उचलून बाजूला घ्यावं लागतं आणि महाधमनीवरचं सगळं आवरण सोलून काढावं लागतं. शस्त्रक्रिया संपते, आतडं परत जागेवर येतं आणि उघड्या धमनीवर टेकतं. पुढे तिथे संसर्ग झाला किंवा आधी रेडिएशनचा शेक दिलेला असला तर दोन भिंती एकमेकींना झिजवतात आणि कधीतरी मधे भोक पडतं. महाधमनीचं रक्त थेट आतड्यात. असं भोक, म्हणजे फिस्टुला, फार विरळा. वैद्यकीय नियतकालिकांत या केसेस एकेक करून छापल्या जातात. लंडनचे सर्जन अॅस्टली कूपर यांनी 1820च्या दशकात फुगलेल्या महाधमनीचं आतड्यात फुटणं नोंदवलं, तेव्हापासून हा प्रकार ठाऊक आहे. कॅन्सरच्या उपचारांनी त्याला नव्या वाटा मिळाल्या.

"रेघ आहे, पण एका जागी पुसट," मी सांगते. सर्जन म्हणतात, "मग शेवटी ओमेंटमचा पडदा मध्ये आणून ठेवतो." पोटातल्या चरबीचा हा पडदा मध्ये आणून ठेवायला फार वेळ लागत नाही. निर्णय फाइलवर लिहिला जातो आणि पुढची केस येते.

९.४५

दोन्ही पोर्ट झाले. मूत्रपिंडाच्या नळ्यांसाठी आलेल्या बाईंना गर्भाशयमुखाचा कॅन्सर आहे. गाठीने दोन्ही मूत्रवाहिन्या दाबल्यामुळे लघवी अडली आहे. क्रिएटिनिन उतरल्याशिवाय त्यांची कीमो सुरू होणार नाही. पालथं झोपवून सोनोग्राफीवर सुई, मग तार, मग नळी. पिशवीत लघवी उतरताना दिसली की सिस्टर वेळ लिहून घेते. लिव्हर बायोप्सीही आटपते.

११.१०

कॅज्युअल्टीतून रेसिडेंटचा फोन. "मॅडम, पंचावन्न-साठच्या बाई आहेत. मराठवाड्यातून रात्रीच्या गाडीने आल्यात. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन झालंय, नऊ वर्षांपूर्वी. शौचावाटे रक्त गेलं, आता थांबलंय. नाडी जरा जलद, बाकी स्थिर. रेडिएशन प्रॉक्टायटिस असणार. कोलोनोस्कोपी उद्याच्या यादीत टाकतोय. तुम्हाला फक्त कळवून ठेवलं."

शंभरातल्या बहुतेक जणींच्या बाबतीत त्याचं म्हणणं बरोबर ठरेल. ओटीपोटावर शेक घेतल्यानंतर गुदाशयाचं अस्तर नाजूक होतं, त्यात बारीक केशवाहिन्यांचं जाळं वाढतं आणि थोडं थोडं रक्त जात राहतं. त्रासदायक असतं, पण अशा रक्तस्रावाने तासाभरात जीव जात नाही.

मी विचारते, "किती वेळा गेलं? गाठी पडल्या का? चक्कर आली का? ताप?"

तो फोन न ठेवता विचारून येतो. "दोनदा. पहिल्यांदा चार दिवसांपूर्वी, भरपूर, गाठींसकट, आणि त्या बेशुद्ध पडल्या होत्या. मग आपोआप थांबलं. काल परत. ताप अधूनमधून येतो. डाव्या जांघेत दुखतंय."

"त्यांना हलवू नकोस. मी येतेय."

११.२५

कॅज्युअल्टीच्या तिसऱ्या खाटेवर मावशी पडल्या आहेत. हिरवी साडी, कपाळावर घाम. शेजारी मुलगा प्लास्टिकची पिशवी छातीशी धरून उभा आहे. त्या पिशवीत नऊ वर्षांची कागदपत्रं आहेत, घडीवर फाटलेली, पण सगळी. हा मुलगा आज निम्मं काम करून आला आहे.

"मावशी, लाईट किती दिवस घेतली होती?"

"सव्वा महिना, रोज. मग आतली लाईट, तीन वेळा."

कागदही तेच सांगतात. बाहेरून 50 ग्रे, 25 बैठकांत, आठवड्याला एकदा सिस्प्लॅटिन, नंतर ब्रेकीथेरपी. या कॅन्सरचा हा जगभरचा ठरलेला उपचार आहे आणि त्यानेच मावशी नऊ वर्षं जगल्या. गाठ परत आल्याची खूण कुठेही नाही. पण गेल्या वर्षी ओटीपोटात डाव्या बाजूला पू झाला होता, तो नळी घालून काढला होता. त्याचं डिस्चार्ज कार्ड पिशवीत तळाला आहे. तालुक्याच्या गावी आधी मूळव्याध म्हणून औषध मिळालं, मग दुर्बिणीतून तपासणी झाली. रिपोर्टमध्ये 'सौम्य प्रॉक्टायटिस'. लोहाच्या गोळ्या चालू, त्यामुळे शी काळी झाली तरी कुणाला नवल वाटलं नाही.

शेक गाठीवर दिला तरी वाटेतल्या निरोगी पेशींनाही तो लागतो. मोठ्या धमनीच्या भिंतीला रक्त पुरवणाऱ्या स्वतःच्या बारीक वाहिन्या असतात. शेकामुळे त्या हळूहळू बुजतात. भिंत उपाशी राहते, कडक होते. आतड्याचंही तसंच होतं. शिवाय ते जागेवरच चिकटून बसतं. हे सगळं काही महिन्यांत नाही, वर्षांनुवर्षांत घडतं. त्यात शेजारी पू झाला की आतड्यातले जंतू धमनीच्या भिंतीपर्यंत पोचतात. मावशींच्या डाव्या जांघेतलं दुखणं, ताप, जुना पू आणि दोनदा भडकून थांबलेला रक्तस्राव हे चारही धागे एकाच जागी येतात. डाव्या पायाकडे जाणारी इलियाक धमनी आणि तिला चिकटलेलं मोठं आतडं.

धमनी आणि आतड्यामधल्या अशा फिस्टुलाचा पहिला रक्तस्राव पुष्कळदा आपोआप थांबतो. रक्त गेल्याने दाब उतरतो, धमनी आकसते, भोकावर गाठ बसते. रुग्णाला बरं वाटतं, नातेवाईक सुटकेचा श्वास टाकतात, डॉक्टर तपासणी उद्यावर ढकलतात. मग काही तासांनी, दिवसांनी, क्वचित आठवड्यांनी ती गाठ सुटते. दुसऱ्या नाही तर तिसऱ्या वेळी रुग्ण हाताबाहेर जातो. अशा वेळी पहिला रक्तस्राव हा सांगावा असतो. रक्त थांबलेलं असतं तेवढाच वेळ आपल्या हातात असतो.

रेसिडेंट सलाइन जोरात सोडायला निघतो. मी थांबवते. दाब ९४ आहे, मावशी नीट बोलताहेत. शुद्ध असेल तोवर वरचा दाब ८०-९०च्या आसपास चालवून घ्यायचा. दाब घाईने वर चढवला तर तीच गाठ उडते. दोन जाड सुया, रक्तगट, क्रॉसमॅच, ब्लड कल्चर आणि सीटी अँजिओ.

१२.१०

सीटीच्या टेबलावर. टेक्निशियन नेहमीप्रमाणे प्यायचं कॉन्ट्रास्ट विचारतो. नको. आतड्यात पांढरं औषध भरलं तर गळणारं रक्त त्यातच लपेल. आधी कॉन्ट्रास्टशिवाय एक फेरी, मग धमन्यांची, मग शिरांची.

या आजारात सीटीवर रक्त आतड्यात उडताना दिसेल अशी अपेक्षा ठेवायची नसते. गाठ बसलेली असताना ते दिसतही नाही. आजूबाजूच्या खुणा वाचायच्या. डाव्या बाहेरच्या इलियाक धमनीच्या कडेला दोन काळे ठिपके आहेत, हवेचे. धमनीशेजारी हवा असायचं काहीच कारण नसतं. ती आतड्यातूनच आली आहे. धमनीची भिंत एका जागी फुगली आहे. सिग्मॉइड, म्हणजे गुदाशयाआधीचं मोठं आतडं, तिला चिकटलंय आणि मधली चरबी नाहीशी झाली आहे.

तालुक्याच्या दुर्बिणीचा रिपोर्ट चुकीचा नव्हता. प्रॉक्टायटिस आहेच. फक्त रक्त तिथलं नव्हतं. दुर्बीण आतड्याचं अस्तर बघते, भिंतीपलीकडची धमनी बघत नाही. ड्युओडिनमच्या बाबतीत तर नेहमीची दुर्बीण दुसऱ्या तुकड्यापर्यंतच जाते आणि भोक तिसऱ्या-चौथ्यात असतं.

१२.४०

कॉरिडॉरमध्ये उभ्याउभ्याच बैठक. गॅस्ट्रो सर्जन, व्हॅस्क्युलर सर्जन, भूलतज्ज्ञ, मी. पोट लगेच उघडायचं का? शेकलेल्या ओटीपोटात सगळं एकमेकांत रुतलेलं असतं. धमनीपर्यंत पोचण्याआधीच ती फुटू शकते. ठरतं असं की आधी धमनीच्या आतून, कापडाने झाकलेला स्टेंट बसवून रक्ताची वाट बंद करायची, मग एक-दोन दिवसांत सावकाश आतड्याकडे बघायचं.

ब्लड बँकेतून निरोप येतो की सहा पिशव्या राखून ठेवता येतील, जास्तीच्या मागवाव्या लागतील. मे महिन्यात कॉलेजं बंद, लोक गावी, शिबिरं कमी. मुंबईत दरवर्षी या दिवसांत रक्ताचा तुटवडा असतो. लाल पेशींबरोबर प्लाझ्मा आणि प्लेटलेट्सही सारख्या प्रमाणात सांगून ठेवतो. पित्तनळीवाल्या गृहस्थांना आणखी पुढे ढकलावं लागतं. त्यांच्या पत्नी "चालेल, चालेल" म्हणतात.

१.०५

डीएसए रूम, म्हणजे अँजिओग्राफीची खोली. शिशाचे एप्रन. भूलतज्ज्ञ मावशींना पूर्ण भूल देत नाहीत. भुलेने दाब एकदम कोसळतो. जांघेत बधिर करण्याचं इंजेक्शन, सोनोग्राफीवर धमनी, सुई, सुईतून तार, तारेवरून नळी. स्वीडनच्या स्वेन-इव्हार सेल्डिंगर यांनी 1953 साली मांडलेली ही पद्धत आम्ही रोज वापरतो.

पहिल्या चित्रात गळती नाही. धमनीचा फुगीर कोपरा तेवढा दिसतो. रेसिडेंट माझ्याकडे बघतो. त्याच्या चेहऱ्यावर 'मग आता?' आहे. गळती न दिसणं हे या आजारात नित्याचं आहे, सीटीने जागा दाखवली आहे, ती पुरे.

आधी आतल्या इलियाक धमनीत तिला बंद करणारी कॉइल सोडते, नाहीतर स्टेंट घातल्यावरही तिच्यातून उलटं रक्त भोकाकडे येत राहील. चालताना नितंबात दुखण्याचा त्रास पुढे होऊ शकतो. आज तो सोसायचा.

तेवढ्यात भूलतज्ज्ञ म्हणतात, "दाब साठ." टेबलावरची चादर लाल होते. गाठ सुटली आहे. फुग्याची नळी तयार ठेवली होती, ती वर सरकवून फुगा भरते आणि डाव्या बाजूचं रक्त तिथल्या तिथे अडवते. रक्ताची पिशवी दाबून चढवली जाते. दाब सत्तर, मग ब्याऐंशी. स्टेंट काढला जातो. सीटीवर व्यास मोजलेला आहे. धमनीपेक्षा एक-दोन मिलिमीटर जास्त घ्यायचा, म्हणजे भिंतीला घट्ट बसतो. फुगा सोडून स्टेंट पुढे सरकवायचा, तो मधला वेळ फार लांब वाटतो. स्टेंट उघडतो. पुढच्या चित्रात धमनी सरळ, फुगवटा गायब.

"मावशी, पाय हलवा बघू."

डावा अंगठा हलतो. पावलाची नाडी लागते.

२.५०

डबा उघडते. मुलगा बाहेर उभा आहे. त्याला आधी भेटते. तो गावाकडे ट्रॅक्टरची दुरुस्ती करतो. त्याला सांगते, "दादा, उन्हाने कडक झालेली ट्यूब कशी असते? आईची रक्तवाहिनी तशी झालीय. तिला भोक पडलं होतं, आम्ही आतून ठिगळ लावलंय."

"ठिगळ टिकतंय का मग, मॅडम? जुन्या ट्यूबला टिकत नाही."

त्याने नेमकी जागा धरली आहे. आतड्याकडचं भोक अजून तसंच आहे. स्टेंटवर कापड असतं आणि ते आता आतड्यातल्या घाणीच्या शेजारी आहे. जंतू त्यावर बसले की काढणं कठीण. अँटिबायोटिक महिनोन्‌महिने लागतील, रक्त पुन्हा जाऊ शकतं आणि ऑपरेशन करावंच लागेल. हे सगळं त्याला सांगते. आशा दाखवताना पुढचा अर्धा भाग गाळला तर घरच्यांनी निर्णय कशाच्या आधारावर घ्यायचे?

खर्चाचं तो विचारत नाही, म्हणून मीच काढते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या टेबलावर आरोग्यमित्र बसतात, समाजसेवा विभाग शेजारीच आहे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आजच जायला सांगते. राहायची सोय? "दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत चौकशी केलीय," तो म्हणतो. कॅन्सरच्या रुग्णांचे नातेवाईक एकमेकांना पत्ते सांगतात, त्यातूनच ही माहिती पोचते.

४.३०

पित्तनळी आटपल्यावर रेसिडेंट्सना घेऊन बसते. सीटी पुन्हा लावते आणि विचारते, "हवेचे ठिपके तुम्हाला दिसले असते का?" प्रामाणिक उत्तर येतं, "शोधले नसते तर नाही."

मग बाकीच्या वाटा. धमनीऐवजी शीर असली तर चित्र बदलतं. उजवं मूत्रपिंड कॅन्सरसाठी काढलं, नंतर तिथे शेक दिला, अशा रुग्णात ड्युओडिनम आणि महाशीर यांच्यात भोक पडल्याच्या केसेस नोंदल्या आहेत. शिरेत दाब कमी, त्यामुळे रक्त कमी जातं आणि आतड्यातले जंतू आणि हवा शिरेत घुसतात. असा रुग्ण रक्तस्रावापेक्षा वारंवार थंडी-तापाने येतो आणि त्याच्या ब्लड कल्चरमध्ये आतड्यातले दोन-तीन जंतू एकदम वाढतात. हा रिपोर्ट 'दूषित नमुना' म्हणून बाजूला टाकायचा नाही.

नवी औषधंही यात आहेत. बेव्हॅसिझुमॅब गाठीला नव्या रक्तवाहिन्या फुटू देत नाही, आणि तीच गोष्ट जखम भरून येण्याच्या आड येते. पुढच्या टप्प्यातल्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी 2014 साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. ज्या चाचणीवर ती मिळाली, तिच्यात आतडं आणि योनीमार्ग यांमधला फिस्टुला हे औषध घेणाऱ्या सुमारे 8 टक्के स्त्रियांना झाला. न घेणाऱ्यांत 1 टक्क्याच्या आसपास. ज्यांना झाला त्या सगळ्यांनी आधी ओटीपोटावर शेक घेतलेला होता. रक्तवाहिनीचा फिस्टुला त्याहून कितीतरी विरळा, पण जमीन तीच. म्हणून ठरवून करायच्या मोठ्या शस्त्रक्रियेआधी हे औषध किमान 28 दिवस थांबवतात.

एक रेसिडेंट विचारते, "मग रेडिएशन द्यायचंच कशाला?" कारण त्याशिवाय मावशी नऊ वर्षांपूर्वीच गेल्या असत्या. प्रश्न शेक द्यायचा की नाही हा नसून कसा द्यायचा हा आहे, आणि त्याचं एक उत्तर मुंबईतच मिळालं. टाटा मेमोरियल सेंटरने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या 300 स्त्रियांवर केलेल्या चाचणीत, शस्त्रक्रियेनंतरचा शेक रोज चित्र पाहून आणि आतडं वाचवून दिला, तेव्हा तीन वर्षांत आतड्याचा मध्यम किंवा तीव्र त्रास साधारण 21 टक्के जणींना झाला. जुन्या पद्धतीत 42 टक्क्यांना. निष्कर्ष 2021 साली प्रसिद्ध झाले. आज अशा पद्धतीने शेक घेणाऱ्या बाईचं आतडं मावशींच्या आतड्यापेक्षा सुरक्षित आहे.

६.१५

सर्जन मंडळींबरोबर पुन्हा बैठक. परवा पोट उघडायचं. सिग्मॉइडचा खराब तुकडा काढून पोटावर शौचाची वाट, म्हणजे कोलोस्टॉमी. स्टेंट ठेवायचा की काढायचा यावर दोन मतं आहेत. काढला तर धमनी बांधावी लागेल आणि उजव्या जांघेतून डाव्या जांघेत कातडीखालून नवी नळी टाकून पायाला रक्त द्यावं लागेल. ती वाट दूषित जागेपासून लांब राहते, हा तिचा फायदा. पू किती आहे ते उघडल्यावर बघून ठरवायचं. मुलाला आणि मावशींना कोलोस्टॉमीबद्दल आजच सांगायचं. स्टोमा सिस्टर पिशवी दाखवायला जातील.

८.३०

आयसीयूत फेरी. दाब ११०, पाऊल गरम, नवं रक्त नाही. मावशी पाणी मागतात. ओठ ओले करण्यापुरतं मिळतं. "आता थांबलंय ना?" त्या विचारतात. "थांबवलंय," मी सांगते.

निघण्याआधी तालुक्याच्या डॉक्टरांना फोन करते. ते आधी बचावात्मक होतात. सीटीची चित्रं मोबाइलवर पाठवते, मग ते स्वतःच म्हणतात की यापुढे शेक झालेल्या रुग्णाला गाठींसकट रक्त गेलं तर दुर्बिणीआधी सीटी अँजिओची सोय कुठे आहे ते बघेन. एवढं झालं तरी फोन कारणी लागला.

वाचकांपैकी ज्यांच्या घरात कुणी पोटावर किंवा ओटीपोटावर शेक घेतला आहे, किंवा कुणाची पोटातली कॅन्सरची मोठी शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांना सांगणं आहे. वर्षं किती उलटली याला महत्त्व नाही. शौचावाटे अचानक भरपूर रक्त गेलं, गाठी पडल्या किंवा चक्कर आली, तर ते थांबलं तरी त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा. तिथल्या डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता पहिल्याच वाक्यात सांगा की शेक झालेला आहे, कधी आणि कुठे. उपचारांची फाइल आणि प्रत्येक डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा, मोबाइलवर त्यांचे फोटो काढून ठेवा. आणि मे महिन्यात गावी जाण्याआधी एकदा रक्तदान करा.